उंदरानं माऊस खाल्ला तेव्हा

संस्थेच्या खोलीत जाळी टांगलेली,
म्हणून उंदीर. ऐन उन्हाळ्यात त्यांनी
माऊसची वायर कुरतडली,
आणि चिचटोला मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव,
म्हणजे मी,
बोट हवेत धरून बसलो.

भाची हिरकन्या साकोलीहून आलेली, पॉलिटेक्निकची.
"मामा, माऊस काहून पायजे?"
तीन बटणं एकदम दाबली तिनं
आणि एक काळी खिडकी उघडली,
अमावस्येला तलाव दिसतो तशी.
तिच्यात एक पांढरी रेघ, लुकलुकत,
मासा लागायच्या आधी गळाचं बूच हलतं तेवढीच.

पहिला हुकूम पीडब्ल्यूडी.
मी म्हटलं, बांधकाम खातं?
"नाही मामा. तुम्ही कुठं उभे आहा, ते सांगते."
खात्याला तर अजून
आमच्या पाळीवरचा रस्ता सापडलेला नाही.

एलएस म्हणजे टोपली उपडी करणं,
काय काय आलं ते दिसतं.
ज्याच्या नावाआधी टिंब, तो मात्र दडून राहतो.
एलएस, जागा सोडून उणे ए,
की चिखलातली मरळही वर येते.

एमकेडीआयआर मोठा तलाव, असं मी लिहिलं.
दोन खण झाले. एक मोठा. एक तलाव.
हिरकन्या हसून लोळली.
"मधली मोकळी जागा, मामा,
याले भिंतीसारखी दिसते."
मीही हसलो. लक्षात ठेवलं नाही.

सुडोचा पासवर्ड टाकायला अध्यक्ष लिखीरामजी बसले.
अक्षर उमटेना, साधं टिंबही नाही.
"कीबोर्ड मेला का बे?"
नाही जी, ऐकून रायला तो. दाखवत नाही फक्त.
अध्यक्षांनी यंत्राकडे
पहिल्यांदा आदरानं पाहिलं.

ग्रेप मला कोणी शिकवावं लागलं नाही.
ते जाळंच. डोळा केवढा ते आपण ठरवायचं,
तेवढंच अडकतं, बाकी पाणी.
ग्रेप मारबते, सभासद यादी: एकवीस ओळी.
आणि ती उभी रेघ, जिला पुस्तकात पाईप म्हणतात,
ते आमचं तुडूम.
इकडून उघडा, तिकडच्या बांधीत पाणी.

मार्चात जुन्या पावत्या पुसायच्या होत्या.
आरएम, मग जुनी, आणि तिला चिकटून तारा,
म्हणजे जुनीपासून सुरू होणारं तेवढंच जाईल.
अंगठा चुकला.
आरएम. जुनी. मोकळी जागा. तारा.
यंत्र म्हणालं, जुनी नावाचं काही सापडलं नाही.
एवढंच म्हणालं.
मी एलएस केलं.
टोपली रिकामी. गाळ नाही, खवलं नाही,
वाससुद्धा नाही.

मग चार दिवस घरोघर.
सभासदांची पासबुकं निघाली
पेट्यांतून, पत्र्याच्या फटीतून,
एक शिंगाड्याच्या पोत्याखालून, ओलं.
पंचफुलाबाई शेंडेंचं सापडलंच नाही.
त्यांनी सहा वर्षांचे आकडे तोंडपाठ सांगितले.
एका जागी मी बारा रुपये जास्त लिहिले,
ते मला खोडायला लावले.

आता आरएमच्या आधी सीपी, पेन ड्राइव्हवर.
आरएमसोबत उणे आय,
म्हणजे दर फाइलीला ते विचारतं, खरंच?
मी थोडा वेळ घेतो.

नवा माऊस आला आहे.
डब्यात आहे, डब्यावर वजनाचा दगड.
काल सहज हिस्ट्री लिहून पाहिलं.
फाइली गेल्या त्या गेल्या,
पण माझे हुकूम सगळे होते, क्रमानं,
आणि चारशे बाराव्या ओळीत
ती मोकळी जागा, जशीच्या तशी.
हेही पुसता येतं, हिरकन्या फोनवर म्हणाली.
हुकूम सांगितला. मी कागदावर उतरवून घेतला.

मग एक्झिट लिहिलं, दिवा मालवला.
जाळ्यांमागं खुडबुड चालू होती.